मंगळवारची सरकी

दोन हजार तेवीस साल. मला सदुसष्टावं लागलं होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या पलीकडच्या अरुंद खोलीत दारू सोडवणारी ती बाई बसायची. समोरच्या माणसानं काहीही सांगितलं की हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायची आणि म्हणायची, “बरं. त्याच्या आधी?”

बायको भांडली म्हणून प्यालो, असं सांगितलं की, “त्याच्या आधी?” मोटर जळली म्हणून बायकोवर ओरडलो, असं सांगितलं की पुन्हा, “त्याच्या आधी?” मी एकदा चिडून म्हटलं, त्याच्या आधी माझा जन्म झाला. तर हसली नाही. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि वाट पाहत बसली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बोलणाऱ्यापेक्षा ही गप्प बसणारी जास्त खोदतात.

मी कळसाडीचा. तिसरी पास. चौथीत मास्तर माझ्या बापाबद्दल काही बोलला, तेव्हा पाटी तिथंच ठेवून घरी आलो, ती आणायला अजून गेलो नाही. कुणी मला बोललेलं मी बांधासारखं जपतो. दरवर्षी त्यावर चार घमेली माती टाकतो. त्यात मला लाज नाही. आणि ही गोष्टही अशाच एका बोलण्यातून सुरू होते.

माझी लेक लोणखेड्याला दिली आहे. मी दवाखान्यात जायच्या दोन वर्षं आधी तिच्या मोठ्या मुलाचं लग्न होतं. आजोळचा आहेर, त्याला आमच्याकडे मामेरं म्हणतात, तो वाजतगाजत न्यायचा असतो. मांडवाच्या दारात घरचा व्याही पुढे येतो, गळाभेट घेतो, मग आजोळची माणसं आत जातात. ती भेट झाल्याशिवाय कुणी पाऊल आत टाकत नाही. मी त्या दिवशी सकाळपासून घेतलेली होती. दारात पोचलो आणि बँडवाल्याच्या ढोलावर आडवा झालो. ढोल फुटला. लोक हसले. व्याही पुढे आला, पण गळाभेटीला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “याले गोठामा टाका. ढोरंच वळखतीन याले.”

आणि टाकलं. चार जणांनी उचलून. मला जाग आली तेव्हा वरात निघून गेली होती, आणि एक म्हैस माझ्या अंगावरचा नवा टॉवेल चघळत होती. तो टॉवेल मी नातवासाठी घेतला होता.

त्या दिवसापासून मी ठरवलं, या माणसाचा हिशोब मी मांडवातच चुकता करीन. पण ठरवायचो तेव्हा पेला हातात असायचा. पेल्यातलं संपलं की ठरवलेलंही संपायचं.

आता मी दवाखान्यात कसा गेलो ते सांगतो. स्वतःहून गेलो नाही. गुजरातच्या सीमेवरच्या खापर गावच्या बाजारात एक माणूस बसतो, दारू सोडवायच्या पुड्या देतो. गुजरातमध्ये दारूला बंदी, म्हणून तिकडचे लोक इकडे प्यायला येतात, आणि माझी बायको दारू सोडवायची पुडी आणायला त्याच रस्त्यानं गेली. माणसाला न कळू देता डाळीत कालवायची, अशी त्याची रीत. आमच्या भागात घरोघरी ही चूक झालेली आहे. विचारलं तर कुणी सांगणार नाही. मला दोन दिवस उलट्या झाल्या, तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनेनं ट्रॅक्टरची ट्रॉली जोडायला लावली आणि दवाखान्यात आणलं. बायको खाटेशी बसून एकच बोलत होती, तो म्हने बरं व्हई जाई.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, गोळ्या दिल्या. एकदम सोडली तर अंग थरथरतं, झटका येतो, म्हणून काही दिवस तिथंच ठेवलं. आणि उठून बसायला लागलो तसं सांगितलं, त्या खोलीत जाऊन या.

खोलीच्या दारावर समुपदेशक असं लिहिलेलं. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. आत पाहतो तर तिशीच्या आतली पोर. धडगावकडची, पावरा आदिवासी. केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला. मी मनात म्हटलं, चाळीस एकर ऊस पाहिलेल्या माणसाला आता डोंगरातली पोर शहाणपण शिकवणार. खोटं कशाला सांगू, असंच म्हटलं.

तिनं नाव विचारलं, वय विचारलं, किती पिता ते विचारलं. मी म्हटलं, कधीतरी. तिनं पेन आडवं ठेवलं. म्हणाली, “बाबा, कधीतरी म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तुम्हीही येणार नाही.”

झालं. मला पेटवायला तेवढं वाक्य पुरे होतं. पुढच्या मंगळवारी नऊच्या गाडीनं मी तिच्या दारात हजर. ती येण्याआधी. म्हटलं, आता बोल.

तिनं कुलूप उघडलं, खुर्ची पुढे ओढली. पुढं मला कळलं की ती हट्टी माणसांना हेच वाक्य सांगते आणि रडक्या माणसांना वेगळं. म्हणजे पहिल्याच दिवशी तिनं मला ओळखलं होतं. हा रागही मी अजून सोडलेला नाही.

तिची कामाची रीत अशी. लिहिता येणाऱ्याला ती वही द्यायची. प्यावंसं वाटलं की लिहायचं, किती वाजता, कुठं, बरोबर कोण, मनात काय. मला वही दिली तेव्हा मी ती परत सरकवली. तिनं कारण विचारलं नाही. विचारलं, शेतात काय असतं? म्हटलं, ऊस आणि कापूस. मग औषधाची रिकामी बाटली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, प्यावंसं वाटलं की एक सरकी यात टाका. प्यालात की नाही ते मी विचारत नाही. वाटलं, एवढंच टाका.

पहिल्या आठवड्यात मी चार सरक्या नेल्या. तिनं टेबलावर ओतल्या, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “बाबा, तुमचा हात आत्ताच दोनदा खिशाकडे गेला.” त्या खिशात चपटी असायची. मला राग आला. पुढच्या मंगळवारी मी बाटली काठोकाठ भरून नेली, जिनिंगवाल्याच्या ढिगातून मूठ मारून. म्हटलं, घे आता, मोज. तिनं खरोखर एक एक उचलायला सुरुवात केली. ही कधीची? त्याच्या आधी? ही? दहाव्या सरकीला माझ्याकडे थाप उरली नाही. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मीही हसलो असेन, आठवत नाही.

मी तिला कधी मॅडम म्हटलं नाही. बाई म्हणायचो. ती बाबा म्हणायची. एकदा मी खोचकपणे विचारलं, तुमच्या डोंगरात तर मोहाची घरोघरी असते, मग तू आम्हाला कशी सांगतेस? ती म्हणाली, असते. देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. आमच्याकडे पहिला थेंब जमिनीवर सांडतात. तुम्ही कुणासाठी सांडता?

मी म्हटलं, मी थेंब वाया घालवत नाही.

ती म्हणाली, “तेच विचारतेय. एकटेच पिता.”



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्यालो. नुसता प्यालो नाही, पिऊन तिच्याकडे गेलो. मला पक्कं माहीत होतं, आता ही ओरडेल, हाकलून देईल, आणि मग मला घरी सांगता येईल की त्या बाईनंच काढलं. मी उंबऱ्यातूनच मोठ्यानं बोलत शिरलो. ती उठली, खुर्ची पुढे ओढली, पाणी दिलं. म्हणाली, आज बोलायचं नाही. आज नुसतं बसा. आणि आपल्या रजिस्टरमध्ये लिहीत राहिली. बाहेरचे दोन पेशंट आत आले, गेले. मी तिथंच. तासाभरानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दारूचं होतं असं मी आजही सांगतो. जाताना म्हणाली, पुढचा मंगळवार आहेच. भांडायला गेलेल्या माणसाला भांडण न देता परत पाठवणं, यापेक्षा मोठा मार मी खाल्लेला नाही.

त्यानंतर मात्र मी तिला एक गोष्ट शिकवली. ती विचारत होती, चार-चार महिने सोडून माणूस पुन्हा का पितो. मी म्हटलं, बाई, ऊस तोडला की शेत मोकळं दिसतं. पण खोड जमिनीत असतं. पाणी मिळालं की खोडवा फुटतो, पहिल्यापेक्षा लवकर. तिनं पेन उचललं आणि ते लिहून घेतलं. म्हणाली, हे मी दुसऱ्यांना सांगू का? मी म्हटलं, सांग, पण कळसाडीच्या माणसानं सांगितलं म्हणून सांग. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं कागदावर उतरवलं होतं. घरी जाताना गाडीत मी ताठ बसलो होतो.

असे सात महिने गेले. पोळ्यानंतर एक थेंब नाही. अंगावर थोडं मांस आलं. भूक लागायला लागली. सून चहा आणून हातात द्यायला लागली, आधी खाली ठेवून जायची. आणि लोणखेड्याहून निरोप आला की नातीचं लग्न ठरलं, लेकीच्या लहान मुलीचं. फेब्रुवारीत. पुन्हा मामेरं, पुन्हा तोच मांडव, तोच व्याही.

मला आनंद कशाचा झाला ते सांगतो. नातीचा झालाच. पण त्याहून जास्त याचा, की आता मी शुद्धीत त्याच्या दारात उभा राहीन. तो हात पसरून पुढे येईल, त्याला यावंच लागेल, सगळी गावं बघत असतील. आणि मी त्याला भेटणार नाही. हात पसरलेला तसाच ठेवीन आणि बाजूनं आत जाईन. हे मी महिनाभर घोळवलं. गोड लागत होतं.

हे मी तिला सांगितलं. मोठ्या हौसेनं सांगितलं. तिनं पेन आडवं ठेवलं नाही. बाटली ओतली. त्या आठवड्यात सरक्या पुष्कळ होत्या, खऱ्याच. एक एक विचारत तिनं दोन ढीग केले. एक लहान, थकवा आला, बाजारात जुने सोबती भेटले, असल्या सरक्यांचा. दुसरा मोठा. मोठ्या ढिगाकडे बोट करून म्हणाली, “बाबा, ह्या सगळ्या तुमच्या व्याह्याच्या. तो गोठा मनात आला की तुमचा घसा कोरडा पडतो. तुम्ही दारू त्याच्या हातून पिता.”

मी उठलो. मी त्या माणसाच्या हातचं पाणी पीत नाही आणि ही म्हणते दारू पितो. म्हटलं, बाई, तुला काय कळतं मानापमानातलं. ती म्हणाली, “थोडं कळतं. मलाही लोक रोज ऐकवतात. तुम्हीही ऐकवलंय.” आवाज चढवला नाही. मी बाटली तिथंच टाकून निघालो.

मग मी तिच्यावर सूड घेतला. तीन मंगळवार गेलो नाही. नऊची गाडी फाट्यावरून जाताना मी मुद्दाम ओट्यावर बसायचो, पाठ करून. म्हणायचो, बसू दे वाट पाहत. प्यालो नाही बरं का. न पिता राहून दाखवायचं होतं की तुझ्यावाचूनही राहतो.

चौथ्या मंगळवारी लग्न होतं.

मामेरं वाजत निघालं. डोक्याला फेटा, कमरेला कोरं धोतर, पाय सरळ पडत होते. लोक माझे पायच बघत होते. मांडवाच्या दारात व्याही आला. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. त्यानं हात पसरले. मी एक हात अंतरावर थांबलो, हात जोडले आणि त्याच्या बाजूनं आत जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसलो.

बँड थांबला. फोटोवाल्यानं तसाच फोटो घेतला. व्याह्यानं हात हळूहळू खाली आणले आणि टोपी नीट केली, ती नीटच होती. मागं कुणीतरी खुसखुसलं. मी खोटं सांगणार नाही, छाती भरून आली. अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली ते बरोबर तसंच झालं.

माझी लेक पाय धुवायचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती माझ्याजवळ आली, वाकली, माझ्या पायांवर पाणी घातलं. मान वर न करता म्हणाली, “आप्पा, तुम्ही सांजले निंघी जाशात. माले आठेच ऱ्हानं शे.”

मी संध्याकाळी निघून जाणार, राहायचं तिला तिथंच. पाय पुसले आणि गेली. नंतर दिवसभर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या सासूनं तिला दोनदा सगळ्यांसमोर काहीतरी ऐकवलं. मला ऐकू आलं नाही, पण लेकीचं तोंड दिसत होतं. व्याही मात्र सरळ पाहुण्यांना पान देत फिरत होता. ज्याला मारायला गेलो तो उभा होता. घाव तिला बसला होता.

चार वाजायच्या सुमारास घसा कोरडा पडला. इतका, की सात महिन्यांत कधी पडला नव्हता. मी कुणाला न सांगता मांडवातून बाहेर पडलो. लोणखेड्याहून रस्ता तालुक्याच्या शहरात जातो. दारूचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. त्याच्यासमोर मी उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मग पुढे चालत राहिलो, दवाखान्यापर्यंत. म्हटलं, तिच्याशी भांडण राहिलंय.

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर आत सलाइनची खोकी रचलेली. शिपाई जुना ओळखीचा. त्यानं माझा फेटा पाहिला आणि म्हणाला, “मामा, लगीन आठे नही.” मग त्याला माझं तोंड दिसलं, आणि तो हसायचं थांबला. त्यानं सांगितलं, त्यांची कंत्राटाची मुदत संपली. मागच्या आठवड्यात गेल्या, धडगावकडे, घरी. दुसरा माणूस अजून आलेला नाही. शेवटचे दोन मंगळवार काही काम नसताना पाचपर्यंत बसून होत्या, खुर्ची पुढे ओढून. विचारलं तर म्हणाल्या, एकजण यायचाय.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. फेटा डोक्यावरच. येणारेजाणारे बघत होते. नवरीचा आजा इथं काय करतो असं त्यांना वाटलं असेल. मी तिच्या त्या दोन शब्दांनी स्वतःलाच मागं मागं नेलं. घसा कोरडा पडला. त्याच्या आधी लेकीचं तोंड. त्याच्या आधी तिचं ते बोलणं. त्याच्या आधी माझे जोडलेले हात. त्याच्या मागं गोठा नव्हता. मी शोधला, नव्हता. आजची सरकी माझ्या स्वतःच्या हातची होती.

हे बाईला सांगायला ती तिथं नव्हती. एका परीनं बरंच झालं. तिचं खरं निघालं हे तिच्या तोंडावर कबूल करायची वेळ आली नाही. पण त्या बाकावर बसून मला असंही वाटलं की तीन मंगळवार मी तिला शिक्षा देत होतो, आणि ती मात्र खुर्ची ओढून बसली होती. तुम्हाला कुणी असं भेटलं असेल तर त्याच्यावर रुसून तीन आठवडे घालवू नका. मी घालवले.

शिपायानं पाणी आणून दिलं. ते प्यालो. सहाची गाडी धरली आणि घरी आलो. बायकोनं जवळ येऊन वास घेतला, आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं लोणखेड्याला गेलो. मांडवाचे खांब काढायचं काम चाललं होतं. अंगणात पातेली पालथी पडली होती. व्याही बनियनवर, तोंडात कडुलिंबाची काडी, टोपी नाही. मला पाहून त्यानं काडी काढली. लेक दारात येऊन उभी राहिली. मी सरळ त्याच्यापुढे गेलो आणि त्याला मिठी मारली. उसाच्या मोळ्या उचललेले हात आहेत माझे. होता नव्हता तेवढा जोर लावला.

तो म्हणाला, “सोडा आते, व्याही. दम कोंडाई ऱ्हायना.”

मी सोडलं नाही. मनात दहापर्यंत आकडे म्हटले, मग पुन्हा एकपासून सुरू केले.